दोन टक्के आणि अडीच टक्के

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती ओलांडून आमच्या इंदापूर तालुक्यात येते. बेलवाडीला गोल रिंगण होतं, पुढं निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. या दिवसांत वाटेवरच्या घराघरांत पिठलं-भाकरीचा घाट असतो. भाकरीवर कुणी आपलं नाव घालत नाही. अलीकडं मात्र रस्त्याच्या कडेला कंपन्यांचे मंडपही लागतात. पाण्याच्या बाटल्या, रेनकोट, गोळ्या-औषधं, आणि सगळ्यांवर कंपनीचं चिन्ह. तहानेला काय, दोन्हीकडचं पाणी सारखंच. मंडपाला मी नावं ठेवणार नाही. पण कंपनी देते म्हणजे नेमकं काय करते, हे आज जरा पाहू.

आमच्या तालुक्याला 'कंपनी' हा शब्द जुना आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात नीरेकाठी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला. जहाजांच्या धंद्यात इंग्रजांशी टक्कर घेणारे आणि पुढं विमानाचा, मोटारीचा कारखाना काढणारे ते हेच. कारखान्याभोवती घरं आली, शाळा आली, दवाखाना आला आणि गावाचं नावच वालचंदनगर झालं. पुढं तिथं साखर कारखान्यांची यंत्रं बनली, इस्रोच्या अग्निबाणांचे भागही बनले. वालचंद शेठजी १९५३ साली गेले. त्यांच्या नावानं मिळालेल्या देणगीमुळं सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज १९५५पासून वालचंद कॉलेज म्हणून ओळखलं जातं.

सामाजिक दायित्व हा शब्द तेव्हा कुणी ऐकला नव्हता. उजाड माळावर कामगार टिकायचा तर त्याच्या पोराला शाळा हवी आणि बायकोला बाळंतपणाची सोय हवी, हा साधा व्यवहार. त्यात स्वार्थ होता, असू दे. स्वार्थानं बांधलेल्या शाळेतही बाराखडी तीच शिकवतात. पण चित्राला दुसरी बाजू आहे. ऊस ज्या जमिनीवर पिकत होता, त्यातली बरीच जमीन शेतकऱ्यांकडून खंडानं घेतलेली. १९६१चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला, जमिनी शेती महामंडळाकडं गेल्या, आणि खंडकऱ्यांना आपलं रान परत मिळवायला काही दशकं झगडावं लागलं. म्हणून अशा वसाहतीची वही उघडली की जमेची बाजू वाचून मिटता येत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. २०१३च्या कंपनी कायद्यातलं १३५वं कलम १ एप्रिल २०१४पासून लागू झालं. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. फक्त स्वतःच्या नोकरांसाठी केलेला खर्च यात धरत नाहीत, राजकीय पक्षाला दिलेली देणगीही नाही. सुरुवातीला खर्च झाला नाही तर कारण लिहून भागायचं. २०२१पासून तसं चालत नाही, उरलेला पैसा ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या निधीत टाकावा लागतो. २०२२-२३ साली देशभरात हा खर्च तीस हजार कोटींच्या घरात होता.

मला हे वाचताना जकात आठवली. आमच्याकडं ठरावीक मर्यादेवरची संपत्ती वर्षभर शिल्लक राहिली की तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, द्यावाच लागतो. सदका वेगळा, तो मनाचा. जकात मनाची नव्हे, तो घेणाऱ्याचा हक्क. आणि हनफी परंपरेत एक अट फार बारकाईनं पाळतात. जकातीचा पैसा गरिबाच्या मालकीचा व्हायला हवा. त्यानं पीठ आणावं, कर्ज फेडावं की मुलीला चप्पल घ्यावी, ते तो ठरवील. देणाऱ्यानं त्याच्या वतीनं ठरवायचं नाही.

दोन टक्क्यांच्या कायद्यात ही दुसरी अट नाही. देणं सक्तीचं झालं, पण काय द्यायचं ते कंपनीचं संचालक मंडळच ठरवतं. एका गावच्या शाळेत मी कवितावाचनाला गेलो होतो. व्हरांड्यात आरओचं मशीन, वर चांगली चार फुटी पाटी, कंपनीचं नाव, उद्घाटकांचं नाव, तारीख. तोटी कोरडी. मुलं पलीकडच्या हौदातून पाणी पीत होती. फिल्टर बदलायला पैसे कुठल्या खात्यातून काढायचे, हे मुख्याध्यापकांना कुणी सांगितलं नव्हतं. गावाला आधी विचारलं असतं तर बायांनी हौदाला झाकण आणि मुलींच्या संडासाला पाणी मागितलं असतं. त्या तिथंच उभ्या राहून मला हे सांगत होत्या.

सहकारी साखर कारखान्यांना हे कलम लागत नाही, कारण ते सहकार कायद्याखाली येतात. तिथं ऊसबिलातून टनामागं कपात होते. पैसा शेतकऱ्याचा, आणि पाटीवर नाव चेअरमनचं! हसू नका, ऊस आपलाच आहे.

कायद्यात एक वाक्य मात्र उपयोगाचं आहे. कंपनी जिथं काम करते त्या परिसराला तिनं प्राधान्य द्यावं. बारामतीच्या एमआयडीसीपासून भिगवणपर्यंत कारखाने आहेत, तेव्हा हे वाक्य आपल्याला लागू पडतं. या खर्चाचा अहवाल दरवर्षी छापावा लागतो. तो मी वाचतो. कवितेचं वाचन नाही ते, पण सवय लागली. कोणतं काम, किती रुपये, कोणतं राज्य, कोणता जिल्हा, असे रकाने त्यात २०२२पर्यंत असत. गावाचं नाव लिहायला रकाना तेव्हाही नव्हता. तो ग्रामसभेनं मागून घ्यावा. ठराव करावा, कंपनीला पाठवावा, पोच घ्यावी. मशीन बसवण्याआधी पाठवला तर उत्तम. आणि त्या ठरावात पुढच्या पाच वर्षांच्या फिल्टरचा खर्चही घालावा.