मृगाचा पाऊस आणि विज्ञानाचा तास



शेतकऱ्याचे मूल शाळेत रिकाम्या हाताने येत नाही. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही नावे, आणि यंदा कोणते नक्षत्र बेडकावर बसून येणार व कोणते कोल्ह्यावर, हे त्याने घरी ऐकलेले असते. वर्गात या माहितीची थट्टा झाली, तर वडीलधाऱ्यांविषयी त्याच्या मनात अनादर उपजतो. ती जशीच्या तशी स्वीकारली, तर विज्ञान उरत नाही. म्हणून ती पडताळून पाहावी.

सूर्य एका नक्षत्रात सुमारे १३ ते १४ दिवस असतो. मृगात तो ७-८ जूनच्या सुमारास प्रवेश करतो. पेरणीचे दिवस ध्यानात ठेवण्यास ही गणना उत्तम होय. मात्र पृथ्वीच्या आसाच्या संथ भ्रमणामुळे ही तारीख सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते, हे वरच्या वर्गांना अवश्य सांगावे. वाहनावरून पाऊस वर्तविणे ही गोष्ट निराळी. तिचा निर्णय मोजमापाने व्हावा.

त्यासाठी सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्या जागी ठेवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून डबा रिता करावा. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, हे गणित मुलांनीच सोडवावे. वहीत नक्षत्रवार बेरीज मांडून शेजारी पंचांगातील वाहन लिहावे. शाळा मृग लागल्यानंतर उघडते; तेव्हा सुट्टीपूर्वीच डबा व वही एखाद्या जाणत्या मुलाकडे सोपवावी. एका वर्षी मेळ बसला वा चुकला, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. वही वर्षानुवर्षे चालावी.

अनुभवी शेतकरी माती उकरून ओल किती खोल गेली ते पाहतो. कृषी खाते साधारणतः ७५ ते १०० मिलिमीटर पावसानंतर पेरणीचा सल्ला देते. अशा एखाद्या शेतकऱ्यास शाळेत बोलवावे व काळ्या रानात आणि मुरमाड रानात ओल किती खोल उतरली, ते मुलांनी त्यांच्यासमवेत मोजावे. दोन्ही ज्ञाने तेथे एकत्र येतात.

घाईने पेरलेले बी पावसाच्या खंडात करपते आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कर्ज काढावे लागते. ज्या गावात शाळेची पर्जन्यवही पाहून चाड्यावर मूठ धरली जाईल, त्या गावात विज्ञान शिकविले गेले असे म्हणता येईल.