खोली आपली, जमीन कुणाची?

(नया नगर, मीरा रोड येथे रहिवाशांच्या बैठकीत केलेलं भाषण)

 

मी गोदीत लोखंडाच्या कॉइली उतरवतो. मॅट्रिक झालोय, कविता लिहितो. घरावर बोलायचा माझा अधिकार एवढाच की आम्ही सहा माणसं एका वन-आरकेत झोपतो, तीही इथंच.

लहान घर, स्वस्त घर, गरिबाला परवडणारं घर. ऐकून कान किटले. 1995 साली सरकारनं मुंबईतल्या झोपडीवाल्याचं माप काढलं, 225 चौरस फूट. 2008 ला 269 केलं. 2018 ला 300. जणू आमचं अंग दहा-बारा वर्षांनी इंचभर वाढतं! लहान घराला माझी ना नाही. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत 1912 ते 1934 राहिले, दोन खोल्यांत. त्यातली एक पुस्तकांची.

पण आपलं घर स्वस्त कशानं झालं? जमिनीनं. खाजण, मिठागर, मुंबईपासून लांब. सत्तरचं दशक सरताना इथं इमारती उठू लागल्या. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतनं कितीतरी मुसलमान कुटुंबं जीव मुठीत धरून आली. आडनाव विचारून ज्यांना खोली नाकारली, असे आम्हीही आलो. जमिनीचा भाव वाचला, तो रोज लोकलला लटकून फेडतोय.

खरी मेख पुढंच आहे. आमच्या तुळईतनं लोखंड बाहेर आलंय. इमारत पाडून नवी बांधायची म्हणून सातबारा काढला, तर नाव बिल्डरचं! बापानं 1998 साली आईचं डोरलं मोडून पैसे भरले, ते साला कशाचे? हवेत टांगलेल्या डब्याचे? आता तो म्हणतो, नवी इमारत माझ्या अटीवर.

1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात माझा आजा तुरुंगात गेला. नातू मीरा रोडला चौथ्या मजल्यावर राहतो, आणि भूमिहीनच!

नीट ऐका. 1963 चा मोफा कायदा आहे. सोसायटी नोंदली की चार महिन्यांत बिल्डरनं जमीन तिच्या नावावर करून द्यायची. नाही दिली, तर 2008 च्या दुरुस्तीनं वाट केलीय. सरकारी कागदात मानीव अभिहस्तांतरण, आपल्या तोंडी डीम्ड कन्व्हेयन्स. सोसायटीनं जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करायचा. बिल्डरलाही तिथं बोलावतात, पण तो सही देत नाही म्हणून काम अडत नाही.

प्रत्येकाचा करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचा नोंदणी दाखला, सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्ड, हे कागद लागतात. ट्रंका उघडा. नोंदलेला करार हरवला असेल तर नोंदणी कार्यालयात नक्कल मिळते.

वरच्या मजल्यावरचे चाचा म्हणाले, बेटा, बिल्डर से दुश्मनी कौन ले? चाचा, तुम्ही एकटे नाही घ्यायची. अर्ज सोसायटीच्या नावानं जाणार.

रविवारी माझी पाळी नाही. सकाळी नऊला जिन्याखाली टेबल टाकून बसतो. कागद घेऊन या. वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवीन.