कॉलेजाच्या कोठारावर पहारा कोणाचा?



आज एका अमेरिकन कॉलेजाची जुनी हकीकत सांगतों. त्याचें नांव हार्वर्ड. आज तें जगांत बडें समजलें जातें; पण तें निघालें तेव्हां तेथें रान तोडून नुकती कोठें वस्ती झाली होती. 1636 सालीं मॅसॅच्युसेट्स नांवाच्या इंग्रज वसाहतीच्या सभेनें त्यासाठीं 400 पौंड मंजूर केले. पुढल्या वर्षीं देखरेखीला बारा पंच नेमले : सहा अंमलदार आणि सहा पाद्री. नांगर धरणाऱ्याला किंवा वाकस चालविणाऱ्याला त्यांत जागा नव्हती.

आतां बारा बडे पंच असून काय झालें तें ऐका. पहिला मास्तर ईटन. त्यानें आपल्या मदतनिसाला दोघांकडून धरवून सोट्यानें बेदम मारलें. मुलांच्या जेवणाची व्यवस्था ईटनच्या बायकोकडे. मुलांची तक्रार अशी कीं, मासे आंतडीं न काढतांच पानांत येतात आणि लापशींत शेळीच्या लेंड्या निघतात! बाई म्हणाली, लेंड्यांचें मला ठाऊक नाहीं, पण माझ्या घरांत असें घडावें याची लाज वाटते. पंचांपैकीं कोणी त्या चुलीपाशीं डोकावला असता तर ही पाळी येती ना. अखेर 1639 सालीं वसाहतीच्या सभेनें चौकशी करून ईटनला हांकललें. कॉलेज बंद पडलें, तें 1640 सालीं डन्स्टर नांवाचा अध्यक्ष आल्यावर पुन्हां उघडलें.

यानंतर कारभाराची घडी बसली. 1642 सालीं गव्हर्नर, अंमलदार आणि जवळच्या सहा गांवांचे पाद्री यांचें देखरेख मंडळ झालें. 1650 च्या सनदेनें अध्यक्ष, खजिनदार व पांच सभासद अशा सातजणांच्या हातीं रोजचा कारभार दिला. मात्र त्यांच्या ठरावांना वरच्या मंडळाची संमति लागे. 1657 सालीं थोडी मोकळीक मिळाली : ठराव लगेच अंमलांत यावा, पण वरच्या मंडळानें जाब विचारल्यास द्यावा लागे. घर चालवणारा एक आणि हिशेब पाहणारा दुसरा, अशी ती युक्ति होती.

आणि पैसा कोणाचा? 1644 सालापासून घरोघरीं मागणें झालें : ज्याला जमेल त्यानें कॉलेजातील गरीब मुलांसाठीं एक शिलिंग किंवा सहा-सात शेर धान्य द्यावें. पुष्कळ मुलांची फीसुद्धां गहूं आणि गुरेंढोरें यांतून भरली जाई. दाणे शेतकऱ्याच्या कणगींतले. मंडळांतली खुर्ची मात्र पाद्र्याची. म्हणून धर्माच्या बाबतींत हें मंडळ फार कडक. डन्स्टरनें तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा चूक म्हटला, तेव्हां त्या गुणी माणसाला 1654 सालीं जागा सोडावी लागली.

एक गोष्ट मात्र मला टोंचते. त्याच 1650 च्या सनदेंत इंग्रज मुलांबरोबर तेथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांनाही शिकवावें असें लिहिलें होतें. त्यांच्यासाठीं विटांची इमारतही बांधली. वाम्पानोआग जमातीचा केलेब नांवाचा मुलगा 1665 सालीं पदवीधर झाला आणि वर्षभरांत क्षयानें वारला. त्याचा सोबती जोएल पदवीच्या तोंडावर गलबत फुटून किनाऱ्याला लागला, तेथेंच मारला गेला. ज्यांच्या नांवानें ती इमारत, त्यांचा माणूस मंडळावर नव्हता. 1698 सालीं इमारत पाडली. जोएलची पदवी कॉलेजानें दिली ती 2011 सालीं.