अंगावर काढू नका
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



स्त्रियांच्या आजारांविषयी एका पुरुषाने, तोही मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त शिक्षकाने बोलावे, याचे कित्येकांस आश्चर्य वाटेल. आम्ही वैद्य नाही. परंतु ज्या मौनाविषयी बोलावयाचे आहे, त्याचे आम्ही स्वतः अपराधी आहोत. तेवढाच आमचा अधिकार. शाळेत प्रजननसंस्थेचा धडा आला की "घरी वाचून या" असे सांगून आम्ही पुढे जात असू.

पाळी थांबून चार वर्षे लोटल्यावर आमच्या सौ.ना पुन्हा रक्तस्राव होऊ लागला. "उष्णतेने होत असेल" असे म्हणून त्यांनी तो सहा महिने अंगावर काढला. एकाच घरात राहून आम्हांस पत्ता नव्हता. कळले ते सूनबाईंना. तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला. सुदैवाने तो पसरला नव्हता. शस्त्रक्रिया झाली आणि आज त्या पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या संमतीनेच हे सांगत आहोत.

ही गोष्ट एका घरची नव्हे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेकडा ९२ स्त्रियांस काही ना काही स्त्रीरोग आढळला. पूर्वी अशी तपासणी झालेल्या शेकडा अवघ्या ८ होत्या!

तेव्हा काही खुणा ध्यानी ठेवाव्यात. पाळीत अतोनात रक्त जाणे हे बाईपणाचे भोग नव्हेत. त्यामागे गर्भाशयातील गाठी असू शकतात. अशा गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात, पण रक्त आटून धाप लागते. थोडे पांढरे जाणे स्वाभाविक आहे. मात्र दुर्गंधी, खाज वा रंगात बदल असल्यास औषध घ्यावे. बाळंतपणानंतर अंग बाहेर येत असेल, तर व्यायाम, आधाराची कडी वा शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. पाळी गेल्यावर एक थेंबही रक्त दिसल्यास विलंब नको. गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. म्हणून तिशीनंतर ठराविक काळाने तपासणी करवावी. मुलींना त्यावरील लस नवव्या ते चौदाव्या वर्षांत द्यावी.

उलटपक्षी, प्रत्येक तक्रारीवर "पिशवी काढा" हाही उपाय नव्हे. तसा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे.

बंधूंनो, घरातील स्त्री सर्वांच्या पथ्यपाण्याची काळजी वाहते. तिला "तुझी प्रकृती कशी आहे?" असे आपणहून विचारावे आणि दवाखान्यात तिच्यासोबत जावे. आम्ही हे सहा महिने उशिरा शिकलो. आपण आजच आरंभ करावा, एवढीच प्रार्थना.