हात किती टक्के?



टक्के हा शब्द आपल्या घरात दोन-तीन वाटांनीच येतो. मुलांच्या निकालातून, सोसायटीच्या कर्जाच्या व्याजातून, नाहीतर दिवाळीतल्या सेलच्या पाटीवरून. पण एखाद्या दिवशी कुणाचा हात यंत्रात जातो, कुणाचा पाय परांचीवरून घसरतो, आणि मग टक्के थेट माणसाच्या अंगावर लिहिले जातात. डॉक्टर प्रमाणपत्र देतात. त्यावर ३० टक्के, ४० टक्के असा आकडा असतो. त्या आकड्याचा अर्थ घरात कुणालाच नीट कळत नाही, आणि पुढचं सगळं आयुष्य मात्र त्या आकड्यावर ठरतं.

मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. कविता लिहितो. पण आमच्या मोहल्ल्यात बी.ए. झालेला माणूस असला की लोक त्याच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. रेशनकार्डाचे, शाळेच्या दाखल्याचे, आणि कधीकधी अपघाताच्या भरपाईचेही. या शेवटच्या अर्जांमुळे मला कायद्याची पुस्तकं चाळायची आणि वकील मित्रांकडून निकाल मागून वाचायची सवय लागली. त्यातून जे समजलं ते आज आपल्यापुढे ठेवतो.

कामावर इजा झालेल्या कामगाराला भरपाई देणारा आपला जुना कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तो कायदा तिच्यात सामावला गेला. पण त्याला जोडलेली इजांची यादी संहितेतही आली आहे. ती यादी एकदा शांतपणे वाचावी. दोन्ही हात गेले तर १०० टक्के. अंगठा गेला तर ३०. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०, तीन गेली तर ३०, दोन गेली तर २०. एकटी तर्जनी मुळापासून गेली तर १४, मधलं बोट गेलं तर १२, अनामिका किंवा करंगळी गेली तर ७. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला तर ४०.

पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा येतो. माणसाचा भावफलक लावल्यासारखं वाटतं. पण थोडा विचार केला की या यादीची दुसरी बाजूही दिसते. ती नसती तर गरीब कामगाराला एकेका बोटासाठी कोर्टात वाद घालत बसावं लागलं असतं. यादी त्याला सांगते, एवढं तर तुझं आहेच, ते सिद्ध करायची गरज नाही.

अडचण आहे ती वेगळी. बोट कुणाचं, हे यादीला दिसत नाही. तर्जनी उजव्या हाताची असो की डाव्या, आकडा एकच. माझे वडील शिंपीकाम करायचे. काज करताना सुई अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत असायची, आणि आमच्या घरातलं पीठ, मीठ, शाळेची फी, सगळं त्या चिमटीतून यायचं. त्यांची तर्जनी आणि एखाद्या रखवालदाराची तर्जनी यादीत सारखीच, १४ टक्के.

मग कायदा अगदीच आंधळा आहे का? तसंही नाही. त्याच कायद्यात 'संपूर्ण अकार्यक्षमता' या शब्दाची व्याख्या आहे. अपघाताच्या वेळी माणूस जे काम करण्यास समर्थ होता, ते सगळं काम करायला तो असमर्थ झाला, तर ती संपूर्ण अकार्यक्षमता. इथे शरीराबरोबर काम हा शब्द आला, आणि हाच शब्द पुढे एका सुताराच्या उपयोगी पडला.

१९६८ साली ओडिशातल्या जेपूर गावात एका चित्रपटगृहाच्या सजावटीचं काम चाललं होतं. तिथे काम करणारा एक सुतार पडला. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं होतं की ही अंशतः अकार्यक्षमता आहे, यादीप्रमाणे ७० टक्के होतात, तेवढेच द्या. आयुक्तांनी मात्र हा माणूस सुतार आहे आणि सुतारकाम एका हाताने होत नाही, असं म्हणून नुकसान १०० टक्के धरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयाने आयुक्तांचंच म्हणणं उचलून धरलं. 'प्रतापनारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबता' या नावाने तो निकाल प्रसिद्ध आहे.

विचार करा, रंधा मारायचा तर एक हात पुढे लागतो, एक मागे. पटाशी एका हातात, ठोकणी दुसऱ्या हातात. हे समजायला वैद्यकीय पदवी लागत नाही. सुताराच्या दुकानात घटकाभर उभं राहिलेल्या कुणालाही ते कळतं. पण कोर्टात ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि बहुतेक वेळा सांगणारा कुणी नसतो.

आमच्या भागात यंत्रमाग आहेत. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गल्लीतल्या एका कामगाराच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मागाच्या दातेरी चक्रात गेलं. वय बेचाळीस. प्रमाणपत्रावर आकडा आला २० टक्के. तो मला म्हणाला, "भाई, वीस टक्के म्हणजे काय? माझी मजुरी तर शंभर टक्के बंद झालीय."

मालकाच्या वकिलांचा मुद्दा साधा होता. माग विजेवर चालतो, माणूस नुसता उभा असतो, आणि ऐंशी टक्के हात तर शिल्लक आहे. मी मागांच्या खडखडाटात वाढलेला माणूस. ताण्याचा धागा तुटला की त्याची दोन टोकं चिमटीत धरून गाठ मारावी लागते, धागा फणीतून ओढून घ्यावा लागतो, आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. रिकामी कांडी काढून भरलेली कांडी धोट्यात घालायची, तीही त्याच बोटांनी. एक माणूस चार-सहा माग सांभाळतो आणि मजुरी मिळते विणलेल्या कापडावर. माग थांबला की मजुरीही थांबते.

सुनावणीत डॉक्टरांना विचारलं गेलं, जखम भरली का? भरली होती. बोटं कुठून गेली? त्यांनी नीट सांगितलं. गाठ कशी मारतात, हे मात्र कुणी विचारलं नाही. डॉक्टरांकडून ती अपेक्षा करणंही बरोबर नाही, त्यांनी मागावर काम थोडंच केलंय! मग एका रात्री आम्ही दोघं बसलो आणि त्याच्या एका पाळीचं वर्णन लिहून काढलं. पाळी कधी सुरू होते, किती माग, तासाभरात किती वेळा धागा तुटतो, कांडी किती वेळा बदलावी लागते, कुठलं बोट कशाला लागतं. दोन पानं झाली. त्याच्या वकिलांनी ती शपथपत्रात घातली, सोबत एका जुन्या कामगाराची साक्ष दिली. शेवटी तडजोड झाली. यादीपेक्षा रक्कम बरी मिळाली. पण पुढच्या अठरा-वीस वर्षांच्या मजुरीपुढे ती थोडीच होती. आता तो त्याच गल्लीत सायकलींना हवा भरतो.

यादीत असलेल्या इजांची ही कथा. यादीत नसलेल्या इजांचं काय? मणका दुखावला, खांदा निखळला, डोक्याला मार लागून विसरायला व्हायला लागलं. १९२३ च्या कायद्याने अशा वेळी कमाईची ताकद किती घटली हे ठरवायचं काम डॉक्टरांवर टाकलं. म्हणजे शरीराचं ज्ञान असलेल्या माणसाला बाजाराचा प्रश्न विचारला. यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० मध्ये 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या मोटार अपघाताच्या खटल्यात फार स्वच्छ मांडणी केली आहे. कायदा निराळा असला तरी विचार इथेही लागू पडतो. न्यायालय म्हणतं, शरीराचं अपंगत्व किती, हे डॉक्टर सांगतील. त्यामुळे कमाई किती घटली, हे न्यायाधिकरणाने ठरवायचं. त्यासाठी आधी पाहायचं, हा माणूस आता काय करू शकतो आणि काय नाही. मग पाहायचं, अपघातापूर्वी त्याचा व्यवसाय काय होता. आणि मग ठरवायचं, तो व्यवसाय किंवा दुसरं काही करून तो पोट भरू शकेल का. डावा हात गेलेल्या ड्रायव्हरचं किंवा सुताराचं सगळंच जाऊ शकतं, पण सरकारी कारकुनाची नोकरी टिकूही शकते.

त्याच निकालात आणखी एक उपयोगाची गोष्ट आहे. पायाचं अपंगत्व ४५ टक्के म्हणजे सगळ्या शरीराचं ४५ टक्के नव्हे. प्रमाणपत्रावर आकडा अवयवाचा आहे की शरीराचा, हे पाहिल्याशिवाय तो वाचूच नये. मी असे कितीतरी कागद पाहिले आहेत, ज्यांवर हे लिहिलेलंच नसतं. सवलतींसाठी जे ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, तेही वेगळं. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यातला तो उंबरठा आहे. त्याचा मजुरी बुडाल्याशी थेट संबंध नाही.

तेव्हा आपल्याकडे शरीराचा साक्षीदार आहे, कामाचा नाही. कामाचा साक्षीदार कुठे असतो का? असतो. अमेरिकेत असतो.

तिथे १९५६ पासून सामाजिक सुरक्षा योजनेतून अपंगत्वाचं वेतन मिळतं. अर्ज नाकारला गेला तर न्यायाधीशासमोर अपील चालतं आणि तिथे पुष्कळदा व्यवसायतज्ज्ञाला बोलावतात. डॉक्टरांच्या कागदांवरून न्यायाधीश एक कल्पित माणूस उभा करतात. समजा, अमुक वयाचा, अमुक शिकलेला माणूस आहे, दहा पौंडांपेक्षा जास्त वजन उचलू शकत नाही, जास्त वेळ उभा राहू शकत नाही. त्याला देशात कुठलं काम जमेल? तज्ज्ञ कामांची नावं सांगतात आणि अशा जागा देशभर किती आहेत तेही सांगतात. मग अर्जदाराचा वकील विचारतो, आणि या माणसाला दिवसातून दोनदा आडवं व्हावं लागत असेल तर? कधीकधी या एका प्रश्नाने सगळ्या जागा शून्यावर येतात.

ऐकायला किती छान! पण तिथली कसोटी कडक आहे. ते काम तुमच्या गावात आहे का, जागा रिकामी आहे का, तुम्हाला कुणी ठेवून घेईल का, हे पाहिलंच जात नाही. देशात ते काम पुरेशा संख्येने असलं म्हणजे झालं. शिवाय तज्ज्ञ ज्या पुस्तकाचा आधार घेत आले, तो सरकारी व्यवसायकोश १९३८ मध्ये पहिल्यांदा निघाला आणि १९९१ नंतर त्याच्यात भर पडली नाही. सुकामेवा निवडणारा, लाकडी खुंट्या तपासणारा, अशी कामं दाखवून २१ व्या शतकात लोकांचे अर्ज फेटाळले जात होते. शेवटी जून २०२४ मध्ये तिथल्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाने त्यातली ११४ कामं बाजूला काढली.

योगायोग असा की तिथल्या एका गाजलेल्या खटल्यातला माणूसही सुतारच होता. बांधकामावर सुतारकाम आणि मजुरी करण्यात त्याचं बरंच आयुष्य गेलं होतं. पाठीचे मणके झिजलेले, शिवाय इतर आजार. तज्ज्ञबाईंनी सांगितलं, बसून सुटे भाग जोडण्याच्या २,४०,००० जागा आहेत आणि माल निवडण्याच्या १,२०,०००. आकडे आले कुठून? काही सरकारी, काही माझ्या स्वतःच्या पाहणीतून, असं उत्तर आलं. वकिलांनी ती पाहणी मागितली, तर ती गोपनीय म्हणून मिळाली नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहाविरुद्ध तीन मतांनी सांगितलं की कागद दिले नाहीत एवढ्यावरून साक्ष बाद होत नाही. त्या सुताराला वेतन मंजूर झालं होतं, पण ते पन्नास वर्षं पूर्ण झाल्या दिवसापासून, कारण तिथल्या नियमांत पन्नाशीनंतर माणसाला नव्या कामात रुळणं अवघड असतं असं धरतात. त्याआधीची वर्षं गेलीच. मी स्वतः पन्नाशी ओलांडलेली असल्याने हा नियम मला चटकन पटला.

या दोन सुतारांना शेजारी ठेवून पाहिलं की मला एकच गोष्ट दिसते. जेपूरच्या सुताराच्या बाबतीत आयुक्तांनी सुतारकाम पाहिलं. अमेरिकेतल्या सुताराच्या बाबतीत आकडे पाहिले गेले. नुसता तज्ज्ञ नेमून भागत नाही. त्याला ते काम ठाऊक असायला हवं, आणि त्याचा आधार दुसऱ्यालाही तपासता यायला हवा.

म्हणून ज्यांच्या घरी अशी वेळ आली आहे, त्यांना माझं सांगणं आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे सगळे कागद तारखेनुसार लावून ठेवा. प्रमाणपत्रात आजाराच्या नावाबरोबर काय जमत नाही तेही लिहून मागा. किती वजन उचलता येतं, किती वेळ उभं राहता येतं, मूठ वळते का. आकडा अवयवाचा की शरीराचा, ते स्पष्ट करून घ्या. आणि सगळ्यात आधी स्वतःच्या कामाचं वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहा. लिहिता येत नसेल तर कुणाला तरी सांगून लिहून घ्या. बरोबरच्या कामगाराला साक्षीला आणा. तोच तुमचा व्यवसायतज्ज्ञ, आणि त्याचं ज्ञान कुठल्याही कोशापेक्षा ताजं आहे.

आपण मराठीत म्हणतो, अमक्याचं हातावर पोट आहे. पोट भरणाऱ्या त्या हाताला काय काय येत होतं, ते आधी कागदावर येऊ द्या. टक्के त्यानंतर मोजावेत.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)