असीर आणि नज्रान : कड्यावरचा व कड्यामागचा मुलूख



सौदी अरेबिया म्हटले की डोळ्यांपुढे वाळू आणि तेल उभे राहते. मीही तसेच समजत असे. पुढे माझी एक मल्याळी सहकारी परिचारिका आभा येथे नोकरीस गेली आणि तिने पहिल्याच पत्रात लोकरीचे स्वेटर मागविले, तेव्हा मी नकाशा उघडला. मला स्वतःला तिकडे जाता आले नसते. व्हिसाच्या अर्जात धर्माचा रकाना होता, आणि त्यात असत्य लिहिणे माझ्या हातून झाले नसते.

नकाशात दिसले ते मात्र ओळखीचे होते. पश्चिमेस तांबडा समुद्र, त्यालगत तिहामा नावाची उष्ण, दमट किनारपट्टी, मग एकदम उभा ठाकलेला सरावत पर्वताचा कडा आणि त्यामागे पूर्वेकडे उतरत जाणारे पठार. आपले अलिबाग, मग घाट, मग देश, क्रम तोच. या कड्यावरचा मुलूख म्हणजे असीर. आभा सुमारे 2,200 मीटर उंचीवर वसले आहे आणि जवळचा सौदा डोंगर सुमारे 3,000 मीटर आहे. आपले कळसूबाई 1,646 मीटर. येथे पाऊस पडतो, जुनिपरची राने आहेत आणि डोंगरउतारावर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेते केलेली आहेत. मातीच्या भिंतींत सपाट दगडांच्या रांगा बाहेर काढून बसवितात, म्हणजे पाण्याने भिंत धुपत नाही. कोकणात भिंतींना झावळ्यांचे झाप बांधतात, त्यामागचा विचार हाच. घराच्या आतील भिंती स्त्रिया रंगवितात. त्या कलेला 2017 साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले.

परिचारिका म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. खाली तिहामात हिवताप पिढ्यान्‌पिढ्या होता. वरच्या थंडीत तो फारसा टिकत नसे. माणसे उंचावर का राहिली, याचे एक उत्तर मला त्यात दिसते.

एकोणिसाव्या शतकात येथे तुर्कांचा अंमल आला, पुढे किनाऱ्याकडे इद्रिसींचे राज्य झाले, आणि 1934 च्या ताइफ तहाने असीर, जिझान व नज्रान सौदी राज्यात कायम झाले.

नज्रान हे पर्वताच्या पूर्वेचे, खजुरीच्या बागांचे खोरे. तेथे यहुदी राहत. आपले पूर्वज नवगावला लागले ते कोठून निघून, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एक मत येमेनकडे बोट दाखविते, आणि नज्रान त्याच्या सीमेवरच आहे. पण या खोऱ्याची एक आठवण आपल्याला सुखाची नाही. इ. स. 523 च्या सुमारास हिम्यारचा यहुदी राजा धू नुवास याने नज्रानच्या ख्रिस्ती लोकांची कत्तल केली. आपल्यावरचे अत्याचार आपण मुलांना सांगतो. हेही सांगितले पाहिजे, असे माझे मत आहे.

1934 नंतर नज्रानच्या यहुद्यांचे जिणे कठीण होत गेले. 1949 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुमारे दोनशे जण दक्षिणेस निघून एडनला पोहोचले. सौदी राजाने त्यांना परत मागितले. येमेनच्या इमामाने नकार दिला. एडनजवळच्या हाशेद छावणीतून त्यांना विमानाने इस्राएलला नेण्यात आले.

त्या प्रवासात दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या पुढे आहे. आपल्यापैकी ज्यांचे नातलग इस्राएलमध्ये आहेत, त्यांनी शेजारीपाजारी नज्रानचे कोणी आहे का, हे विचारावे. असल्यास त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात.