सनीची चिठ्ठी



मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. कविता करतो, संगीतातला पंडित नाही. तरी रेगेवर बोलायला उभा आहे. कारण आपली पोरं बॉब मार्लीला छातीवर छापून हिंडतात आणि गाणं नुसतं डुलायचं समजतात. डुला की! पण ते आलं कुठनं ते बघा. जमैका, किंग्स्टनच्या गरीब वस्त्या. उसाच्या मळ्यात गुलाम म्हणून राबवलेल्यांच्या वंशजांनी १९६८च्या सुमारास घडवलेलं. गाणं ओढतो तो बास, थेट छातीत घुमणारा.

आज मला लिंटन क्वेसी जॉन्सनबद्दल बोलायचंय. जन्म जमैकात, १९५२. अकराव्या वर्षी आईकडे लंडनला, ब्रिक्स्टनात आला. शाळेत असतानाच तिथल्या ब्लॅक पँथरमध्ये शिरला. अमेरिकेतल्या ज्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, तेच नाव.

तेव्हा इंग्लंडात भटक्यांविरुद्धचा १८२४चा कायदा चालू होता. त्यातल्या एका कलमाला लोक 'सस' म्हणत. म्हणजे संशयित. चोरी व्हायलाच नको. काळा पोरगा रस्त्यावर उभा दिसला, दोन पोलिसांनी सांगितलं याचा इरादा वाईट, झालं! पकडणारे तेच, साक्षीदारही तेच.

त्यावर लिंटननं १९७९ साली 'सनीज लेटा' रेगेवर म्हटली. तुरुंगातनं पोरानं आईला लिहिलेली चिठ्ठी. धाकट्या जिमला सांभाळीन म्हणून शब्द दिलेला. दोघं बसची वाट बघत होते. पोलिसांनी जिमला उचलला, बडवला. सनी मधे पडला. एक पोलीस मेला. जिमवर सस, सनीवर खून. त्यात एक घोषणा नाही.

आणि भाषा? मास्तर जिला मोडकी इंग्रजी म्हणतील ती जमैकन बोली. आईला लिहायचं तर पोरगा मास्तरच्या भाषेत कशाला लिहील? आपले काही कवी घरी 'व्हय' म्हणतात, कवितेत 'होय' करतात. कुणासाठी रे?

१९८१च्या एप्रिलात ब्रिक्स्टन पेटलं. त्याच वर्षी सस रद्द झाला. काळ्या आयांनी रेटून मोहीम चालवली होती, त्यांचं श्रेय गाण्याला देऊन उगाच फुगू नका. रस्त्यात अडवून झडती घेणं तर पुढंही थांबलं नाही. पण कोठडीत मार खाल्लेल्या पोराला या गाण्यात आपलीच हकीकत, आपल्याच बोलीत, ऐकायला मिळाली.

आता ते लावतो. स्पीकर जुना आहे, बास फाटेल, चालवून घ्या. शब्द मागाहून ओळीओळीनं सांगतो.